टीचर एयिसन तेल विकतात

शेवटच्या साध्या दिवशी टीचर एयिसन यांनी एका औषधवाल्याला ट्रोट्रो नावाच्या भाड्याच्या गाडीतून खाली उतरवलं.

तसं म्हटलं तर तो आपणहूनच उतरला. मंकेसिमच्या बाजारातून केप कोस्टला परतणारी खच्चून भरलेली गाडी, सगळ्यांच्या पायांत यामचे कंद, आणि ड्रायव्हरकडे पाठ करून वाकून उभा राहिलेला तो तरतरीत माणूस. आधी त्याने प्रवाशांच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना म्हटली, मग पिशवीतून बाटली काढली. गुडघे, कंबर, वाईट स्वप्नं आणि अडकलेला व्हिसा या चारही दुखण्यांवर एकच तेल. टीचरांनी हात वर केला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे वर झालेले हात पाहण्यात गेली होती, पण स्वतःला काही विचारायचं असलं की तेही हात वर करूनच विचारत. हे तेल एकूण किती गुडघ्यांना लावून पाहिलं, त्यांत उजवे किती, डावे किती, आणि ज्या गुडघ्यांना लावलंच नाही त्यांचं पुढे काय झालं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. साल्टपाँडच्या फाट्यावर तो माणूस उतरला. उतरताना, देव तुमचं भलं करो, असं म्हणाला खरा, पण ज्या आवाजात म्हणाला त्यावरून देवानेही ते मनावर घेतलं नसावं.

गाडीतल्या निम्म्या लोकांना ते तेल हवं होतं. ते टीचरांवर रुसले. त्यांची मुलगी अराबा खिडकीतून नारळीची झाडं मोजत बसली, जणू हे दुसऱ्याच कुणाचे वडील. ती चव्वेचाळीस वर्षांची, शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात ग्रंथपाल. वडिलांमुळे खाली मान घालण्याचं तिचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण सवय गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर दाढी करता करता खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. एक गाल झाला होता. राहिलेला त्यांच्या बहिणीने, आंटी मानसाने, दुपारी केला. तिने दुसऱ्या कुणाला वस्तरा धरू दिला नाही.

अंत्यसंस्काराबद्दल फार सांगायला नको. झाला तो रीतसर झाला. सांगायचं ते फक्त पोस्टरबद्दल, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून निघालं. पोस्टरवर टीचर केंते वस्त्र खांद्यावर टाकून हसत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘वय शहाऐंशी’. मृत्यूच्या दाखल्यावर ते एकोणऐंशी होते. यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. माणूस किती जगला हे दाखला सांगतो आणि तो किती मोठा होता हे पोस्टर सांगतं. घरच्यांनी पाच-सात वर्षं प्रेमाने वर टाकायची ही केप कोस्टची जुनी रीत. शेजारच्या गल्लीतल्या एका मासळीवालीला तर तिच्या लेकरांनी एकशे अकरा वर्षांची करून निरोप दिला होता, आणि तिची थोरली बहीण त्याच मांडवात दोन पायांवर नाचत होती.

पोस्टर फोनवरूनही सगळीकडे गेलं. आंटी मानसाने ते जगातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला चिकटवलं.

दफनानंतर तिसऱ्या आठवड्यात टीचर तेल विकू लागले.

ही बातमी अराबाकडे आणली एफुआ-अत्ता या शिंपिणीने. ती टीचरांची जुनी विद्यार्थिनी. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीने दुपार पिठासारखी झाली होती, ग्रंथालयातले पंखे ती धूळ एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर नेऊन ठेवत होते, आणि अशात एफुआ-अत्ताने टेबलावर बाटली आणून ठेवली. वर नाव होतं, अहोदेन तेल. टीचरांनी सांगितलं म्हणून घेतलं, ती म्हणाली. अराबाने शांतपणे विचारलं, कोणत्या टीचरांनी. तिने फोन पुढे केला.

टीचरांच्या फोनवरच्या खात्यावर टीचरच होते. पोस्टरवरचाच फोटो, तेच केंते, पण ओठ हलत होते. भुवया वर-खाली होत होत्या. मी शहाऐंशी वर्षांचा आहे, ते सांगत होते, आणि या तेलाने माझे गुडघे विशीतल्या मुलासारखे झाले. सगळ्यांत मोठा अपमान पुढेच होता. ते ट्वी बोलत होते, शेजारच्या मुलखाची भाषा. अस्सल फांटी माणूस, ज्याच्या दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द आल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही, तो कुमासीच्या बाजारात जन्मल्यासारखी स्वच्छ ट्वी बोलत होता.

हे पापा नाहीत, अराबाने सांगितलं. चोरांनी त्यांचं खातं उघडलंय. एफुआ-अत्ताने बाटलीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. तिचा गुडघा खरोखरच हलका झाला होता, आता काय करायचं, असं तिला विचारायचं होतं. टीचरांनी आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नाही, मेल्यावर कशाला सांगतील, हा तिचा मुद्दा अराबाला खोडता येईना. आणि नेमकी तीच भीती होती. त्या माणसाने आयुष्यभर एकेक करून जमवलेला शब्द कुणीतरी बाटलीत भरून विकत होतं, आणि गिऱ्हाईक सगळं त्यांच्याच शाळेतलं होतं.

आता अराबाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. केप कोस्टमधले निम्मे पासपोर्ट तिच्या अक्षरात आहेत. अर्ज भरावा तर अराबाने, असं लोक म्हणत. जिथे ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ असं लिहिलेलं असतं तिथे काय लिहायचं नाही, हेसुद्धा तिला नेमकं कळायचं. त्यामुळे हे प्रकरण आपण रविवारच्या चर्चआधी मिटवू, असं तिला वाटलं. वाटण्याला काय लागतं.

तिने खातं चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर चार मिनिटांत आलं. आम्ही हा व्हिडिओ तपासला असून तो आमच्या नियमांना धरून आहे. आपला दिवस आनंदात जावो. तिने पुन्हा तक्रार केली आणि त्यात स्पष्ट लिहिलं की व्हिडिओतली व्यक्ती निवर्तली आहे. उत्तर आलं की त्या व्यक्तीला काही आक्षेप असल्यास तिने स्वतः कळवावं.

मग तिला मृतांच्या खात्यांसाठी असलेला अर्ज सापडला. तो उघडण्याआधी कंपनीला तिचा कॅमेरा हवा होता, माइक हवा होता, ती कुठे उभी आहे ते हवं होतं, आणि तिच्या फोनमधल्या साऱ्या माणसांची यादी हवी होती. तिने सगळं दिलं. त्यानंतर तिने एकच साधा प्रश्न विचारला, माझ्या वडिलांचं खातं कुठून उघडलं गेलं? कंपनीने खेदाने कळवलं की खातेदाराच्या खासगीपणाचा आदर राखून ही माहिती देता येत नाही. टीचरांच्या लघवीच्या तक्रारीपासून ते दुसऱ्या प्रेमभंगापर्यंत सगळं अख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्यांचा खासगीपणा जगात एकाच व्यक्तीपासून जपला जात होता, आणि ती व्यक्ती ग्रंथालयात बसून त्यांच्यासाठी अर्ज भरत होती. तिचा स्वतःचा खासगीपणा मात्र त्याच दिवसापासून पाझरू लागला. तिच्या फोनवर शवपेट्यांच्या जाहिराती आल्या, मग एकाकी प्रौढांसाठी स्नेहमेळाव्यांच्या, आणि शेवटी, बरोबर ओळखलंत, अहोदेन तेलाची.

शेजारचे अंकल डि-ग्राफ्ट निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा सल्ला असा की मुख्य कार्यालयाला रजिस्टर्ड पत्र टाकावं. रजिस्टर्ड पत्रापुढे राजेही उठून उभे राहतात. मुख्य कार्यालय कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ही त्यांच्या मते टपालखात्याची जबाबदारी होती. चर्चच्या कॉयरमधल्या एका बाईने फोन तीन दिवस मिठाच्या भांड्यात ठेवायला सांगितला. आंटी मानसाचं म्हणणं एवढंच होतं की तिचा भाऊ, टीचर क्वामेना, आधीच सांगायचा, हा फोन मला आवडत नाही. आणि मग ती रोज दुपारी येऊन तो व्हिडिओ पाहायला मागायची. आवाज बंद कर, म्हणायची. ट्वी नको. नुसतं बघू दे.

अराबाही पाहायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, केंके खाऊन उरलेली पानं अजून टेबलावर असताना, ती आवाज बंद करून वडिलांना पाहत बसे. ओठ हलत, भुवया वर जात. सहा सेकंदांनी एकदा ते डोळे मिटत, आणि ते डोळे मिटणं इतकं खरं होतं की ती त्याचीच वाट पाहत राही. एकदा अशीच डुलकी लागली, तर त्या डुलकीत टीचर एका खिडकीपुढे रांगेत उभे होते, अंगावर केंते, एकाच गालाला साबण. खिडकीतला कारकून त्यांना सांगत होता, डावीकडे बघा, आता उजवीकडे, आता हसा. ते सगळं करत होते. मग त्यांनी हात वर केला, पण खिडकीतून त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि रांगेतली माणसं धुळीसारखी हळूहळू विरत चालली होती. जागी झाली तेव्हा एक प्रशिक्षणार्थी समोर उभी राहून पुस्तकावर शिक्का मागत होती.

पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण कागद जुळेनात. दाखल्यावर वय एकोणऐंशी, पोस्टरवर शहाऐंशी, आणि खात्यावर तेवीस. खातं उघडताना टीचरांनी जन्मवर्षासाठी बोट फार खालपर्यंत सरकवायचा कंटाळा केला होता. कंपनीने विनयाने विचारलं की नेमकी कोणती व्यक्ती मरण पावली आहे.

अराबाने दोन पानांचा खुलासा लिहिला. तो इतका सुरेख होता की तिने एक प्रत स्वतःसाठी ठेवली. उत्तरात कंपनीने एकच गोष्ट मागितली: अर्जदार मृताच्या कुटुंबातली असल्याचं कुटुंबप्रमुखाचं पत्र.

टीचरांचे कुळप्रमुख एग्या एसुमान म्हणजे अक्षरशः निष्कलंक माणूस. त्यांनी कॉफीची वाटावी अशी काळी शाई काढली, कुळाचा शिक्का काढला, अराबाला बसवून सोडा दिला आणि तासभर खपून पत्र लिहिलं. ती पाहत होती. ठसठशीत, सरळ ओळींचं पत्र. लिहिलं होतं की अराबा एयिसन ही दिवंगताची मुलगी आहे, तिने रीतीप्रमाणे शवपेटी आणली आणि ती चांगली सागवानाची होती. मूल आईच्या कुळाचं असतं, त्यामुळे ती दिवंगताच्या कुटुंबातली नाही. तथापि तिच्या या कामाला कुटुंबाची हरकत नाही.

आता ही गोष्ट केप कोस्टमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अराबालाही होती. टीचरांचं कुटुंब म्हणजे त्यांची आई, बहीण, बहिणीची मुलं. वारस म्हणजे हॅम्बुर्गला राहणारा भाचा, जो मामाच्या दफनाला व्हिडिओ कॉलवरून आला होता आणि मधेच अडकला होता. यात कुणाचा राग नव्हता की लोभ नव्हता. पण ठाऊक असणं वेगळं आणि शिक्क्यासकट हातात येणं वेगळं. तिने अतिशय आदराने विचारलं, ते मधलं वाक्य गाळता येईल का. एग्या एसुमान चष्म्यावरून पाहत राहिले.

“अराबा, तू त्याची आहेस. ते कोण नाकारतंय? पण आमची नाहीस, ते मी खोटं कसं लिहू? तोच वरून मला विचारेल.”

टीचरांनी खरंच विचारलं असतं. हात वर करून.

पत्र जसंच्या तसं गेलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: आपण सादर केलेल्या कागदपत्रांनुसार आपण मृताच्या कुटुंबातील सदस्य नाही. हे प्रकरण बंद करण्यात येत आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आमची सेवा आपल्याला कशी वाटली? खाली पाच तारे होते.

अराबाने फोन उलटा ठेवला. दुपारभर ती कपाटांतली पुस्तकं काढून धूळ पुसून परत लावत राहिली, भूगोल भूगोलात, इतिहास इतिहासात, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की प्रत्येक पुस्तकाला आपली जागा नेमून दिलेली असते, ही किती श्रीमंतीची गोष्ट आहे. त्याच आठवड्यात टीचरांनी पडवीत बसलेल्या चार म्हाताऱ्यांना तेल विकलं. त्यातल्या एकाने रक्तदाबाची गोळी सोडून दिली, कारण टीचर म्हणाले होते की या तेलापुढे गोळ्यांची गरज नाही. एफुआ-अत्ताने हे सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचा गुडघा पुन्हा सुजला होता.

मग अंकल डि-ग्राफ्ट यांनी आयुष्यातला एकमेव उपयोगी सल्ला दिला. रजिस्टर्ड पत्र ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आल्याने ते जरा खचले होते, त्यामुळे कदाचित डोकं मोकळं झालं असेल. त्यांनी विचारलं, तू त्यांना क्वामेना गेला असं का सांगतेस? गेलेल्या माणसाचं कोणतंच कार्यालय ऐकत नाही, विसरलेल्याचं ऐकतं. सांग, तो पासवर्ड विसरलाय.

तिने सांगितलं. आणि खरोखर, जे दार महिनाभर बंद होतं ते किलकिलं झालं. टीचर क्वामेना, पासवर्ड विसरलात? काळजी नको. फक्त चेहरा दाखवा. प्रकाशात बसा, सरळ पाहा, मग डावीकडे, मग उजवीकडे.

अराबाने फोन खाली ठेवला. आणि आंटी मानसाने डोक्यावरचं फडकं सोडलं.

ती चौऱ्याहत्तर वर्षांची. एकाच आईची दोघं. तेच रुंद नाक, तीच खाली ओघळलेली पापणी, तोच हनुवटीवरचा हट्ट. केस तिने भावाच्या सुतकात भादरले होते, ते अजून बोटभरही वाढले नव्हते. ती आत गेली आणि भावाचा चष्मा घालून आली. पडवीच्या पायरीवर बसली. अराबाला हे बरोबर वाटेना. ही फसवणूक आहे, ती म्हणाली, आपणही मग त्यांच्यासारखेच. आंटीने तिला गप्प केलं.

“मी त्याच्या कुटुंबातली आहे की नाही? कागदावर आहे की नाही? मग धर तो फोन नीट. हात हलवू नकोस.”

समुद्राकडून धुरकट उजेड येत होता. आंटीने सरळ पाहिलं. डावीकडे वळली, उजवीकडे वळली. पडद्यावर हिरवं वर्तुळ तिच्या चेहऱ्याभोवती हळूहळू फिरत राहिलं, काहीतरी आठवत असल्यासारखं. मग ते पूर्ण झालं आणि खाली अक्षरं आली: ‘धन्यवाद. हे तुम्हीच आहात, याची आमची खात्री पटली. पुन्हा स्वागत, टीचर क्वामेना.’

दाखला, पोस्टर, शिक्का, सगळ्यांनी जे ठरवून टाकलं होतं ते कुणीतरी दूरवर, चुकून, मागे घेतलं होतं.

तेलाचा व्हिडिओ पुसायला तीन टिचक्या लागल्या. तिसऱ्या टिचकीआधी अराबा थांबली. टीचरांनी एकदा डोळे मिटले. मग तिने बोट ठेवलं. नवा पासवर्ड टाकून चोरांना बाहेर काढलं, आणि टीचर तेल विकत नाहीत, असं चार ओळींत लिहिलं; गोळ्या सोडू नका, हेही लिहिलं.

मग तिने संदेश उघडले, कारण लोकांना उत्तरं द्यायला हवी होती. कुणीतरी विचारलं होतं, टीचर, मी तुमच्या दफनाला आलो होतो ना? चोराने त्याला लिहिलं होतं, देवाच्या कृपेने आता बरा आहे. ती हसली, फार दिवसांनी. बोटाने खाली सरकत गेली आणि एके ठिकाणी तिचंच नाव आलं.

सगळे संदेश एकाच बाजूचे होते. रोज सकाळचे, सहाच्या सुमाराचे, शेजारच्या खोलीतून पाठवलेले. ‘काल स्वप्नात शाळेला चाकं होती. समुद्राकडे चालली होती, मुलं घाबरली नाहीत.’ ‘काल तुझी आई आली. नुसती बसून कांदे चिरत होती. मी तिला तुझी नवी चप्पल दाखवली.’ ‘काल तू सहा वर्षांची होतीस आणि मला भागाकार शिकवत होतीस. बाकी तू विसरलीस, पण मी बोललो नाही.’ पानामागून पान. दोन वर्षांची स्वप्नं. शेवटचा संदेश दाढीच्या दिवशीचा: ‘काल काही पडलं नाही. झोप गाढ लागली.’

दोन वर्षांपूर्वी परीक्षांच्या गडबडीत फोन सारखा वाजतो म्हणून तिने पापांच्या नावापुढचं एक बटण दाबलं होतं. आवाज किती काळ बंद ठेवू, असं त्याने विचारलं होतं: आठ तास, एक आठवडा की कायमचा. ती घाईत होती.

“काय लिहिलंय?” आंटी मानसाने विचारलं. चष्मा अजून तिच्या डोळ्यांवर होता, आणि काचांमागून ते ओळखीचे, जरासे ओघळलेले डोळे अराबाकडे पाहत होते, घाई न करता, वर्गात उत्तराची वाट पाहावी तसे.

अराबाने तिच्याकडे पाहिलं. मग ती मोठ्याने, वाचल्यासारखी सावकाश बोलली.

“पापा, मी तुमचं एकही स्वप्न वाचलं नाही. तुमचा आवाज मी कायमचा बंद करून ठेवला होता. संध्याकाळी ताटात मासा घेऊन बसलो की तुम्ही विचारायचात, मग, कसं वाटलं? आणि मी म्हणायचे, छान. पापा, मी माशाला छान म्हणत होते.”